राखीव बेटावरचं जाकीट

“जाळं बगून येतो गं,” एवढंच सयाजी आईला म्हणाला, असं त्रिंबकतात्या पोरांना सांगतात. सयाजी त्यांच्या शेजारचाच. गेल्या चैत्रातली अमावास्या, शनिवारची रात्र.

जाळं कसलं! होडीत काठी होती. धरणाच्या फुगवट्यातलं राखीव बेट त्याला तुडवून काढायचं होतं. तिथं वाळूवर सुरय पाखरं अंडी घालतात. थोरला भाऊ मल्हार त्यांचा राखणदार. महिन्याआधी सोलापूरहून वनखात्याच्या साहेबाचे पाहुणे आले आणि सुटल्या वाऱ्यात बेट बघायचं म्हणून अडून बसले. होडी कलंडली. मल्हारनं अंगातलं तरंगायचं जाकीट काढून एका पाहुण्याला दिलं. पाहुणा वाचला आणि ते अंगात घालूनच गाडीत बसून गेला; मल्हार बुडाला. साहेबानं अहवालात लिहिलं, राखणदार दारू पिऊन बुडाला, जाकीटही घातलं नव्हतं.

मल्हारनं जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं.

बेटाला लागण्याआधी वल्हं होडीच्या काठावर दोनदा हळू वाजवायचं, ही मल्हारची रीत. मग पाखरं दचकत नाहीत, अंडी तुडवत नाहीत. सयाजीनं मुद्दाम वाजवलं नाही. उतरला. काठी उचलली.

“तुमच्यापायी गेला माजा दादा...”

ठक... ठक.

मागनं. होडीतनं.

होडी रिकामी होती. पाखरं जराशी कुजबुजली आणि बसून राहिली. एकही उडालं नाही.

“कोन हाय?”

...

“दादा?”

पाणी ठिबकत होतं. वाळूवर. जवळ... अजून जवळ. काठीचं दुसरं टोक कुणीतरी धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं.

“मग सोडून देऊ व्हय त्यास्नी? आं? सांग की!”

...

सयाजीनं काठी सोडली.

उजाडता तात्या काठावर गेले. सयाजी होडीशेजारी बसलेला. होडीत नारिंगी जाकीट, ओलं. पाठीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं: मल्हार.

“तात्या, पाहुण्यानंच आणून टाकलं असंल की,” एक पोरगं हसलं.

“व्हय, तुजी आठवण आली म्हनून आला असंल!” तात्या कडाडले. “सयाजीनं ते साहेबाच्या टेबलावर आपटलं. म्हनला, वाच नाव! साहेबानं हात लावला न्हाय, मान वर केली न्हाय.”

मग तात्या हळू म्हणाले, “तवापासून सयाजीच्या दारात टांगलंय. वैशाखाचं ऊन खाल्लं त्यानं. जावा, बगून या...”

कुणी उठलं नाही.

“...अजून ठिबकतंय.”