जिल्दाच्या थापा

ड्यूकच्या पडक्या किल्ल्याच्या दाराशी मी एकतीस वर्षं बसतोय. काम सोपं. सकाळी दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं, मधल्या वेळात भिंतीला पाठ टेकायची. त्या शनिवारी हे सगळं सोडून मी आंकोनाला, लेकीकडे निघणार होतो. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणाली होती.

लिहायला-वाचायला मी आदल्याच हिवाळ्यात शिकलो, बारमधल्या टीव्हीवरच्या मास्तरांकडून. 'एस' हे अक्षर मात्र उलटंच काढतो. सगळा बार हसतो.

आलेल्यांना किल्ला दाखवायची जिल्दा. दाखवायला होतं काय? दीड बुरूज आणि शेळ्या. म्हणून ती थापा मारायची.

"ड्यूकचा लाडका पोपट इथे चांदीच्या पिंजऱ्यासकट पुरलाय," असं तिनं एप्रिलमध्ये ठोकून दिलं. मे महिन्यात विहीर उपसली, तर गाळातून पिंजरा निघाला. आत इवलीशी हाडं.

मग म्हणाली, "डचेस चिडली की ड्यूकच्या डोक्यात सुरया फोडायची." आठवड्याभरात एक भिंत ढासळली. मागे फुटक्या सुरयांचा ढीग.

महापौर खूश. "जिल्दाबाई, आता खजिन्याचं बोला की!"

ती बोलली. तेवढा खजिना काही निघाला नाही.

"बाई, तोंड आवर जरा," मी म्हणालो.

"काका, बसगाड्या भरभरून येतायत. तुमच्या पोटात का दुखतंय?"

गुरुवारी तिनं बसभर माणसं माझ्यापुढे उभी केली. "हे आमचे ओरेस्तेकाका! ड्यूक लढाईला जाताना यांना म्हणाला, मी परत येईपर्यंत दार सोडू नकोस. चारशे वर्षं झाली, बसलेत बिचारे!"

लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

शुक्रवारी, जाता जाता जागा स्वच्छ ठेवावी म्हणून, माझ्या पाठीमागची भिंत घासायला घेतली. शेवाळ सोलून आलं. खाली दगडात कोरलेली अक्षरं होती, झिजून गुळगुळीत झालेली.

बोट ठेवून वाचलं. ओरेस्ते.

जिल्दाला हाक मारली. "तुझेच उद्योग ना हे?"

ती बघत राहिली. "शप्पथ, काका. मी नाही."



ती गेल्यावर खालचं शेवाळ काढलं.

'शनिवारी निघतो.'

त्याखाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. ओळी पार जमिनीखाली गेल्या होत्या.

एकूण एक 'एस' उलटा.