खंडेनवमीच्या रात्रीचं अपग्रेड

मोबाईल ठेवा रे खाली. अद्वय, गॅलरीतला दिवा मालवू नकोस, राहू दे. आपल्या वरच्या मजल्यावरचा सिद्धार्थ आहे ना, त्याच्यावर गुदरलेला प्रसंग आहे. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी, म्हणजे इथल्या तमिळ लोकांची आयुधपूजा. आपल्या शहरातल्याच नुंगंबाक्कम भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलात सिद्धार्थ रात्री सर्व्हरचं अपग्रेड करायला गेला. सुट्टीची रात्र, तासाभराचं काम. आधी हे काम तंजावरकडचे सुंदरराव बघायचे. त्याच आषाढात वारले बिचारे. पूजेला ते प्रत्येक यंत्राला चंदनाचं बोट लावायचे आणि बजावायचे, "आज याला विश्रांती. सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

त्या दिवशीही पूजेत कीबोर्डला चंदन लागलंच होतं. "कळा चिकटतील की!" म्हणत पठ्ठ्यानं ओल्या फडक्यानं सगळं पुसलं, अन् बॅकअप न तपासताच अपग्रेड सुरू केलं. केवढा हा आगाऊपणा!

सर्व्हर बंद झाला. सुरू झाला. पुन्हा बंद. मध्येच जुनी सिस्टीम निवडायची यादी स्क्रीनवर काही सेकंद यायची, पण कीबोर्ड चालेना. लॅपटॉपवर बॅकअप उघडला, तर रिकामा.

तेवढ्यात दारात नर्स वाणी. "सर, पहाटे वॉर्डातल्या छोट्या मुलीचं ऑपरेशन. तिला जुळणारं रक्त कुठल्या पिशवीत आहे, ते यातच आहे... वरुमा?" परत येईल ना, असं तमिळमध्ये विचारत होती ती.

सिद्धार्थ उठला. कीबोर्ड उपटून घेतला, दुसरा आणायला बाहेर पडला. काचेचं दार मागे लागलं. खोलीत कुणी नाही.

त्यानं वळून पाहिलं.

स्क्रीनवर तीच यादी... थांबलेली.

उजेडाची पट्टी एक ओळ खाली सरकली.

थांबली...

"सर," वाणी पुटपुटली, "आत कोण आहे?"

तो काचेजवळ सरकला.

आणखी एक ओळ खाली. मग जुनी सिस्टीम सुरू झाली. रिपोर्ट, पिशवीचा नंबर, मुलीचं नाव, सगळं जागच्या जागी.

मुलगी वाचली, बरं का. सिद्धार्थ मात्र खंडेनवमीला अजून लॅपटॉपही उघडत नाही.

का, म्हणतेस यामिनी?

दार उघडायचा धीर होईना, तेव्हा त्यानं हातातल्या कीबोर्डकडे पाहिलं. वायर लोंबत होती. अन् खालच्या बाणाच्या कळेवर... चंदनाचं बोट.

ओलं.