दोन मिनिटांची माणसं

ही गोष्ट १९६४ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली. लंबू, ढब्बू आणि चिमणी रोज तलावाजवळच्या टेकडीवर बसून चित्रं काढत. शिकवायला लंबूची मावशी. तिचे नियम कडक. एका माणसाला दोनच मिनिटं, खोडरबर बंद, नाक-डोळे काढायचे नाहीत आणि कोपऱ्यात तारीख-वेळ लिहायचीच!

"माणूस अंगाचा भार कुठे टाकतो, तेवढं बघा!" ती म्हणायची.

त्या सकाळी चिमणी रडतच आली. तिचे बाबा तलावातून पाणी सोडायच्या दरवाजाचे राखणदार.

"काल दरवाजा उघडा राहिला. खालच्या शेतांतली सगळी रोपं वाहून गेली! बाबा दुपारी तीनलाच बंद करून घरी आले होते, तरी त्यांचे वरचे साहेब म्हणतात, चूक बाबांचीच. आज मोठे इंजिनिअर येणार. बाबांची नोकरी जाईल गं मावशी, आणि राहतं घरही!"

"काल आपण इथंच होतो की!" लंबूने वही उघडली. चार वाजून दहा मिनिटं. दरवाजा उघडायचं चाक फिरवणारा एक माणूस. मान खांद्यांत, डावा पाय उचलून कठड्यावर.

"तुझे बाबा?" ढब्बूने हळूच विचारलं.

"छे! त्यांचा डावा गुडघा वाकतच नाही."

चाकाच्या कुलपाची दुसरी किल्ली फक्त साहेबांकडे होती. आणि साहेब तर सांगत होते, संध्याकाळपर्यंत मी कचेरीतच होतो!

"पण चित्राला तोंड कुठंय? हसतील आपल्याला," ढब्बू म्हणाला.

"मग साहेबांनाच चाकापाशी उभं करू!" चिमणीने डोळे पुसले.

इंजिनिअर आले, तेव्हा लंबू अगदी गरीब चेहरा करून बाबांच्या साहेबांपुढे गेला. "साहेब, चाक फिरवताना तुमचं चित्र काढू? दोनच मिनिटं!"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला, चाक धरलं. मान खांद्यांत गेली, डावा पाय आपोआप कठड्यावर!

"हलू नका हं!" ढब्बू ओरडला. पेन्सिल सरसर धावली. चिमणीने कालचा आणि आजचा, दोन्ही कागद इंजिनिअरांपुढे धरले. मग त्यांनी बाबांनाही चाक फिरवायला लावलं. बाबांचे दोन्ही पाय जमिनीवर, ताठ.

"चार दहाला तुम्ही कचेरीत होतात ना?" इंजिनिअरांनी साहेबांना विचारलं.

साहेब घामाघूम. "जीप धुवायला... थोडं पाणी सोडलं होतं... बंद करायचं राहून गेलं."

"ही नजर माझ्या माणसांत हवी होती!" इंजिनिअर म्हणाले.

साहेबांची बदली झाली. बाबा त्याच घरातून निवृत्त झाले. लंबू नकाशे काढू लागला, ढब्बूने पाट्या रंगवण्याचं दुकान थाटलं. मावशी शेवटपर्यंत घड्याळ लावूनच शिकवत राहिली. आणि चिमणी हाडांची डॉक्टर झाली. रोगी दारातून आत येतानाच ती त्याचा दुखरा पाय ओळखायची. तिच्या खोलीत एक पिवळा कागद टांगलेला असे. कोपऱ्यात वेळ होती, चार दहा.