अहो म्हणणारी गाडी

गाडी बंद पडली आणि तो निघून गेला. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून पुढे चला. मीही तेच करते आहे, नोकरी सांभाळून बऱ्यापैकी जमतंय.

तर, सगळं छान चाललं होतं. आभाळ मळक्या फडक्यासारखं लोंबत होतं, चाचणीच्या मैदानावर पिरपिर पाऊस लागला होता, आणि मी आमची छोटी विजेची गाडी मागे घेत होते. दिसायला ती आजोबांच्या काळातली. गोल दिवे, फुगीर गाल, चकचकीत मिशीसारखी जाळी. आतून मात्र मोबाइलची थोरली बहीण. आवाज शून्य. त्यामुळे मागे उभ्या माणसाला ती पोटरीला टेकेपर्यंत कळली नाही.

"अहो! अहो... अहो!"

मी काच खाली केली. "लागलं का हो?"

"माझं राहू दे, बंपर बघा! ते वळण माझ्या हातचं आहे."

हा आमचा मातीवाला. नव्या गाडीचं रूप आधी मातीत घडवतात, ते काम याचं. माझं काम आवाजाचं. विजेची गाडी मुकी असते, म्हणून हळू चालताना पादचाऱ्यांना सावध करायला तिला काहीतरी आवाज द्यावा लागतो. साहेबांना 'जुन्या काळाची आठवण येईल' असा आवाज हवा होता. मी खऱ्या जुन्या इंजिनाचा ऐकवला, तेव्हा त्यांना स्वतःच्या अ‍ॅसिडिटीची आठवण आली.

त्या दिवशी बंपरपाशी माझा माइक चालू राहिला होता. नंतर ऐकलं, तर त्या 'अहो'त घाबरणं होतं, पण राग नव्हता. ओरडतानाही माणूस आदर सोडत नव्हता. मी तो शब्द ताणला, मऊ केला, एकापुढे एक जोडला... अ—हो—हो—

"वा! पेटी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"तसंच काहीतरी," मी म्हणाले. आवाज पास झाला.

चहाच्या मशीनपाशी आम्ही भेटू लागलो. म्हणजे मशीन तिथेच असायचं, आम्ही जायचो.

"अहो, तुमच्या कपात साखर—"

"मी तुमच्याहून लहान आहे. अगं म्हणा की."

"एकदम?"

"एकदम जमत नसेल तर आज नुसतं 'अ' म्हणा. 'गं'चं उद्या बघू."

तो हसला. त्याच्या भुवईवर माती वाळली होती. ती पुसावीशी वाटली... म्हणून मी माझीच भुवई पुसली.

"गाडी रस्त्यावर आली ना, की म्हणेन," तो कपात बघत म्हणाला. "आत्ता म्हटलं तर मातीतल्यासारखं होईल. कधीही खरवडता येईल असं."

त्या गाडीची माझ्याइतकी घाई मग कंपनीत कोणालाच नव्हती. मालकालासुद्धा.

चाचणीला कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं बोलावली. डोळ्यांवर पट्टी बांधून उभं राहायचं, गाडी आल्याचं कळलं की हात वर करायचा. मी आत्याला नेलं. मी तिच्याकडेच राहते. काका गेल्यापासून ती घरात गप्प असते. हाक मारायला कोणी उरलं नाही म्हणते. मी आहे, पण मला ती हाक मारत नाही, नुसती ओरडते.

गाडी आली. सगळ्यांचे हात वर गेले. आत्यानं मात्र केस सारखे केले.

"ही अहो म्हणतेय," ती पट्टीआडून म्हणाली.

साहेब आभाळाकडे बघू लागले.

"जन्मभर मीच ही हाक मारली यांना. मला कोणी मारली नव्हती." तिनं पट्टीची गाठ आणखी घट्ट केली. "पुन्हा आण गं तिला."

मातीवाला माझ्याकडे वळला. कानाच्या पाळ्या लाल. "तो... मी आहे?"

"आवाज चांगला होता. माणसाचं नंतर लक्षात आलं."

"अहो, पण—"

"बघा. गाडी आणि तुम्ही अगदी एका सुरात आहात."

काही दिवसांनी वरून कळलं, प्रकल्प बंद. लोकांना जुनं बघायला आवडतं, पण विकत घेताना नवंच लागतं, असं पाहणीत दिसलं म्हणे. गाडीवर ताडपत्री पडली. त्यानं घडवलेला नमुना फोडून माती पिंपात भरली. त्याला लांबच्या शहरात काम मिळालं, कमोडच्या कारखान्यात. आकार घडवायचा.

"वळणं तीच," तो म्हणाला. "फक्त लोक बघत नाहीत, पाठ करून बसतात."

स्टँडवर मी सोडायला गेले. आम्ही कमोडविषयी बोललो. निरोपाच्या वेळी माणसं काहीही बोलतात. गाडी रस्त्यावर येणार नव्हती, म्हणजे तो शब्दही येणार नव्हता. मी मागितला नाही. मागून मिळालेल्या शब्दाचं करायचं काय?

तो बसमध्ये चढला. इंजिन सुरू झालं, खरं इंजिन, अख्ख्या गावाला सावध करणारं. त्यानं खिडकीची काच ओढली. ती अर्ध्यात अडकली. त्यानं त्या फटीत तोंड घातलं.

"अगं—"

स्वच्छ. रस्त्यावर काहीही आलेलं नसताना.

त्यापुढेही त्याचे ओठ हलत राहिले, पण ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि पुढचं सगळं घरघरीत गेलं. आवाजातून गोंगाट काढणं हा माझा धंदा आहे. मी बसमागे धावले, कान दिला. घरघरीखाली काही सापडलं नाही. चप्पल तेवढी तुटली.

संध्याकाळी फोन केला. "मघाशी काय म्हणत होतात?"

तो म्हणाला, "काही नाही हो... पोचलो की कळवतो."

मा. आगारप्रमुख यांस सविनय अर्ज. सदर दिवशीची सदर बस एका वाक्याने उशिरा सोडण्यास पूर्वलक्षी प्रभावाने मंजुरी मिळावी. वाक्य खिडकीजवळच्या प्रवाशाकडे तयार आहे. ते पूर्ण होईपर्यंत इंजिन बंद ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.