वापरातला पट्टा

करडीच्या यादोरावांचं नाक पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. धान पिकवणाऱ्या घरात जन्मलेला हा माणूस कानपूरला गेला आणि तीस वर्षं फौजेच्या चामडी मालाची तपासणी करून परत आला. आता साठी उलटल्यावर नागपूरचे जुन्या वस्तूंचे व्यापारी त्यांच्याकडे इंग्रजांच्या वेळचे पट्टे, पिस्तुलांची म्यानं, काडतुसांच्या पेट्या पाठवत. यादोराव वस्तू हुंगत, टाके मोजत, छाप भिंगातून बघत आणि चिठ्ठी लिहून देत. खरी म्हणजे खरी, बनावट म्हणजे बनावट. आयुष्यात एकही खोटी चिठ्ठी आपल्या हातून गेली नाही, याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

त्या दिवशी ते आंबागडला गेले ते गोमाजीच्या निरोपावरून. उद्या सर्वपित्री अमावस्या होती. गोमाजी चौऱ्याऐंशी वर्षांचा, महिनाभर खाटेला खिळलेला. तो आईच्या पोटात असताना त्याचा बाप फौजेच्या खेचरांमागे ब्रह्मदेशात गेला तो परतलाच नाही. लढाई संपल्यावर घरी एक पार्सल आलं. आत कमरेचा पट्टा, आणि माणूस बेपत्ता असल्याचं पत्र. गोमाजीच्या आईनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. मरताना तिनं मुलाकडून वचन घेतलं, की बाप गेल्याचं पक्कं कळल्याशिवाय त्याचे पिंड पाडायचे नाहीत. गोमाजीनं वचन पाळलं. ऐंशी वर्षांत त्या माणसाच्या नावानं या घरातून एक घाससुद्धा निघाला नव्हता.

"पट्टा बाबाचाच असन तं बाबा गेला," गोमाजी धापा टाकत म्हणाला. "जिता शिपाई पट्टा सोडत नाही. तुमी लिहून द्या भाऊ, मंग मी उद्या पिंड पाडतो अना मोकळा होतो. बाबाले उपाशी ठेवून मले मरता येऊन नाही राहिलं."

पट्टा आतल्या खोलीत खुंटीला होता. "सासूबाईनं टांगला, तवापासून कोनी हात नाही लावला," गोमाजीची बायको ललिताबाई म्हणाली. तिनं स्वतःही लावला नाही. खोलीच्या दारातच उभी राहिली.

दुपारचे बारा वाजले होते, पण आभाळ असं भरून आलं होतं, की खोलीत हात चाचपून चालावं लागलं. वीज सकाळपासून नव्हती. खुंटीवर बोटभर धूळ होती. पट्ट्यावर धूळ नव्हती. यादोरावांनी तो खाली काढला आणि सवयीनं नाकाशी नेला. इतकं जुनं चामडं कोरड्या सालीसारखं कडवट वासाचं असतं. याला घामाचा वास होता. चामडं मऊ होतं, आणि कोमट. कोणाच्या तरी अंगावरून आत्ताच उतरवल्यासारखं.

उकाडा आहे, असं स्वतःला समजावत ते खिडकीशी गेले. टाके हातचे, सारख्या अंतराचे. वर बाण आणि त्याखाली इंग्रजी आय, हिंदुस्थानी फौजेच्या मालाचा छाप. साल एक्केचाळीस. आतल्या बाजूला ठोकलेला नंबर पत्रातल्या नंबराशी जुळला. शंकेला जागाच नव्हती.

मग त्यांचं बोट भोकांवरून फिरलं.

कारखान्याची पाच भोकं गोल आणि स्वच्छ होती. त्यांच्या पुढे खिळ्यानं पाडलेली भोकं होती, बकलाच्या दिशेनं, एकामागून एक. पहिल्या काहींच्या कडा काळ्या पडलेल्या. पुढच्या तपकिरी. त्यापुढच्या फिकट. शेवटच्या भोकाची कड ओल्या लाकडासारखी पांढुरकी होती आणि चामड्याचा भुसा अजून तिथंच चिकटलेला होता. यादोरावांनी बकलापासून त्या भोकापर्यंत टेप लावला. सात इंच. एवढ्यात माणसाची कंबर मावत नाही, नुसता पाठीचा कणा मावतो.

त्यांनी पट्टा घाईनं परत खुंटीला अडकवला. तरी खाटेपाशी येऊन ते बोलले ते तीस वर्षांच्या सवयीनं, तपासणीच्या कागदावर लिहावं तसं.

"पट्टा तुमच्या बाबाचाच, काकाजी. पण… वापरात आहे."

गोमाजी कोपरावर उठला. महिनाभरात पहिल्यांदा. "वापरात? आज?"

"हो… म्हणजे…"

"ऐकलं का व!" म्हातारा रडत रडत हसला. "बाबा जिता हाये! माय खरं सांगे. उद्याचं पान मांडू नोको. जित्या मानसाचे पिंड पाडत नसतेत!"

ललिताबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं यादोरावांच्या हाताला धरलं आणि त्यांना अंगणात ओढत नेलं.

"भोकं किती मोजले, भाऊ?"

"कारखान्याची सोडून… चोवीस."

"पोळ्याले तेवीस होते." ती कुजबुजली. "मी लगन होऊन आली तवा नऊ होते. रोज दारातून मोजतो मी. यायले सांगितलं तं म्हनत, तुले भास होऊन राह्यला… भाऊ, उपाशी मानसाचं पोट खपाटीले जाते ना. मंग पट्टा घट्ट आवरा लागते."

यादोरावांनी आतल्या खोलीकडे वळून पाहिलं.

"अजून किती बसतीन?" तिनं विचारलं.

"एक," ते म्हणाले. "पुढे बकलाची शिलाई आहे."

ते तसेच आत धावले. "काकाजी, मी चुकलो. बाबा गेले तुमचे. आत्ता लिहून देतो. उद्या पिंड पाडा. हात जोडतो…" त्यांनी कागदही काढला. जन्मात पहिल्यांदा ते स्वतःचीच तपासणी खोडत होते.

गोमाजीनं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. "एकदा खरं सांगून आता काहून खोटं बोलता भाऊ?" आणि तो भिंतीकडे कूस करून समाधानानं पडून राहिला. कितीही विनवलं तरी वळला नाही.

यादोराव ओसरीवर येऊन बसले. ललिताबाई खांबाला टेकून उभी होती. भरल्या आभाळाखाली गावात चिटपाखरू हलत नव्हतं. आतून गोमाजीचा आवाज आला. आदबीचा, लहान पोराचा असावा तसा.

"या बाबा… बसा…"

घरात दुसरं कोणी नव्हतं.

"भात शिजलाच हाये… खात काहून नाही? …बरं, बरं."

मग बकल वाजल्याचा बारीक आवाज.

"नाही बाबा… माह्या कमरेले कायले?"