विहीर पुढे होती

वाचनालयातून निरोप आला तेव्हा काना-मात्रा जेवून नुकतेच आडवे झाले होते. चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढलेला हा माणूस. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातलं चुकलेलं खोडायचं, एवढंच आयुष्यभर केलेलं. माणसांकडेही ते तसंच बघायचे. पाठीमागे सगळे त्यांना काना-मात्रा म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

काम साधंच होतं. 'मागल्या दारची विहीर' नावाची एक नवी भयकादंबरी महिनाभर वाचकांना दिली होती. वाचून झाल्यावर कार्डावर अभिप्राय लिहून पेटीत टाकायचा. त्यातले चार बरे निवडून, शुद्ध करून फलकावर लावायचे होते.

"काका, तुमच्याशिवाय कुणाला जमणार हे?" ग्रंथपाल बाईंनी पेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि त्या कपाटांकडे वळल्या.

काना-मात्रांनी ती कादंबरी चाळीस पानं वाचून सोडली होती. चाळीस पानांत एकतीस चुका. गोष्ट तरी काय, तर एका लहानशा गावातली माणसं एक एक करून रात्री उठतात, घरामागच्या विहिरीपाशी जातात आणि परत येत नाहीत. असल्या पुस्तकाला असलेच वाचक मिळायचे, असं म्हणत त्यांनी पहिलं कार्ड उचललं.

'अंगावर काटा आला.' दुसरं, 'अंगावर अक्षरशः काटा आला.' तिसऱ्याच्या अंगावर सर्रकन आला होता. "निवडुंग सगळे," ते पुटपुटले. एका गृहस्थांना शेवटी खुनी कोण ते कळलं नव्हतं. पुस्तकात खूनच नव्हता. एका बाईंनी लिहिलं होतं, 'झोप छान लागते. आणखी भाग यावेत.' आणि एका वकिलांनी लहान गावांची बदनामी केल्याबद्दल लेखिकेचा निषेध करताना 'निषेध' या शब्दाचाच मुडदा पाडला होता. बारा कार्डं अशी झाली. बारापैकी एकही फलकाच्या लायकीचं नव्हतं.

तेरावं कार्ड हाताला मऊ लागलं. सर्दावलेलं. त्याला ओलसर, शेवाळी वास येत होता.

'पान बावन्न. विहीर मागे नव्हती. पुढे होती.'

काना-मात्रा मोठ्यांदा हसले. कादंबरीतल्या गावाचा नकाशा दुरुस्त करणारा वाचक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण पुढचं कार्डही तसंच निघालं. अक्षर वेगळं, किरटं.

'विहीर पुढे. दारातून तीन पावलं. लहान मुलं आधी गेली.'

त्यापुढचं कुण्या म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातचं होतं. 'पुस्तकात आम्ही किंचाळतो. कुणी किंचाळलं नव्हतं.'

एकामागून एक तशीच कार्डं. कुठे शाई फुटलेली, कुठे बोटाचा ओला ठसा. प्रत्येकाचं अक्षर निराळं आणि तक्रार तीच. फक्त शेवटच्या कार्डावर त्यांची नजर सुखावली. वळणदार अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही.

'वरील सर्व अभिप्राय बरोबर आहेत. विहीर पुढेच होती. मी स्वतः खात्री करून घेतली.'

"चला, एकाला तरी लिहिता येतं." त्यांनी लाल पेन काढलं आणि त्या सुंदर अक्षराखाली लिहिलं, 'कल्पित गावात विहीर कुठेही असू शकते. पुढे होती, याचा पुरावा द्यावा.' खाली सवयीने सही ठोकली. तीन वाजत आले होते.

मग त्यांनी बाईंना हाक मारली. "कुणाचे चाळे आहेत हे?"

बाईंनी कार्डं मोजली, नोंदवही पाहिली आणि पुन्हा कार्डं मोजली. "काका, पुस्तकाची प्रत एकच. बारा जणांनीच नेलं होतं. ही तर एकतीस आहेत."

"म्हणजे एकोणीस लेखिकेनेच पाठवली. खप वाढवायला. लावा तिला फोन, मी बोलतो."

लेखिकेचा आवाज थकलेला होता. काना-मात्रांनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "बाई, लिहिता येत नाही तर निदान फसवता तरी नीट यावं माणसाला. विहीर पुढे होती म्हणे..."



"ती पुढेच होती," लेखिका म्हणाली. "माझ्या आजोळचं गाव. आता तिथे कुणी राहत नाही. ओळखू येऊ नये म्हणून मी ती मागे नेली... किती कार्डं आहेत?"

"एकोणीस."

"मागच्या वाचनालयात अठरा होती." ती हळू बोलू लागली. "तिथे एका शिक्षकांनी कार्डावर त्यांना उत्तर लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यापासून ते सापडलेले नाहीत. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं, असं त्यांच्या पत्नी सांगत होत्या... तुम्ही काही लिहिलं नाहीत ना?"

काना-मात्रांनी समोरच्या कार्डाकडे पाहिलं. "मूर्खपणा आहे सगळा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आवाज मात्र त्यांच्या मनासारखा निघाला नाही. त्यांनी खिशातला रुमाल ओला करून आपली लाल ओळ पुसायचा प्रयत्न केला. शाई जरासुद्धा फिसकटली नाही.

घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते. लख्ख ऊन होतं. सून दारातच उभी होती.

"बाबा, तुम्ही कुणाला बोलावलं होतंत का? तीनच्या सुमाराला बरीच माणसं आली होती."

"कोण माणसं?"

"नावं नाही सांगितली. लहान मुलंही होती. एवढी गर्दी, पण जरा आवाज नाही. त्यातले एक जण फार शुद्ध बोलत होते. म्हणाले, तुमच्या सासऱ्यांनी पुरावा मागितलाय. पाणी विचारलं, तर म्हणाले, आमच्याकडे आहे."

"मग?"

"दारातून पावलं मोजली, फरशीवर खडूने काहीतरी काढलं आणि गेले."

दारापासून तिसऱ्या पावलावर, अंगणातल्या फरशीवर एक पांढरं वर्तुळ होतं. दोन माणसांनी हात पसरावेत एवढं रुंद. काना-मात्रांनी चपलेच्या टोकाने कडेची फरशी दाबून पाहिली. पक्की, तापलेली. त्यांनीच सात वर्षांपूर्वी उभं राहून बसवून घेतलेली.

"पोरखेळ," ते म्हणाले. सुनेला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले. "बादली आण, धुऊन टाकू."

ती आत गेली. त्यांनी कुंडीतला एक खडा उचलला आणि वर्तुळाच्या मधोमध टाकला. खडा टप्पकन फरशीवर पडला, दोनदा उडाला, गरगरला आणि निपचित पडून राहिला. काना-मात्रा स्वतःशीच हसले आणि वळले.

त्यांचं एक पाऊल पडलं, दुसरं पडलं. मग पाठीमागून, खालून, फार खालून, डुबुक असा आवाज आला.

त्यांनी मागे पाहिलं. खडा फरशीवर तिथेच होता. फक्त आता तो ओला होता.