ओट्यामागची भिंत

टाइल्सच्या दुकानाचं शटर अर्धं उतरलं होतं. ती वाकून आत शिरत होती, तो वाकून बाहेर येत होता, आणि दोघांची डोकी अशी आपटली की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"परत एकदा आपटून घ्या," तो कपाळ चोळत म्हणाला. "नाहीतर शिंगं येतात म्हणे."

"येऊ देत. माझी भिंत बिघडलीय."

टाइल्समधल्या फटी भरायचं ग्राउट कालच त्याने तिला विकलं होतं. तिने मोठ्या हौसेने ओट्यामागची अख्खी भिंत एकटीने भरली आणि दमून आडवी झाली. सकाळी पाहते तर फटी राहिल्या बाजूला, टाइल्सच सिमेंटने माखून वाळलेल्या. त्यात आज पाच वाजता आई येणार होती. "एकटीला घर झेपलं नाही तर मुकाट्याने परत यायचं," असं आईने आधीच बजावलं होतं, आणि आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हे दोन खोल्यांचं घर तिचं स्वतःचं, पहिलंवहिलं होतं. ते सोडायचं नुसतं मनात आलं तरी तिला रडू येत होतं.

"पंधरा मिनिटांत ओल्या स्पंजने पुसायचं, असं सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "दोनदा. तुम्ही मानही डोलावलीत."

"पाच वाजता आई येतेय," ती म्हणाली. त्याने घड्याळ पाहिलं, शटर पूर्ण खाली ओढलं आणि म्हणाला, "चला. घरी व्हिनेगर आहे ना?"

पाण्यात व्हिनेगर मिसळून, मऊ घासणी घेऊन दोघं भिंतीला भिडले. वरच्या रांगा त्याच्या, खालच्या तिच्या. पहिली टाइल लख्ख निघाली आणि तिच्या जिवात जीव आला. ती इतकी हसली की तो घासायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला.

"मग... मान डोलावत होतात तेव्हा लक्ष कुठे होतं?" त्याने विचारलं.

तिने एकच टाइल चारदा पुसली.

"तुमच्याकडे," ती टाइललाच म्हणाली.

वरची घासणी थांबली. तिने घाबरून वर पाहिलं, तर त्याचा चेहरा पडलेला. वरच्या फटी पांढऱ्याशुभ्र होत्या आणि खालच्या राखाडी!

"दोन पिशव्या दोन रंगांच्या दिल्या मी," तो हळूच म्हणाला. "आठ वर्षांत असं कधी झालं नाही."

"मग कालच कसं झालं?"

"काल तुम्ही समोर होतात... माझंही लक्ष तुमच्याकडेच होतं."

तिला आनंदाने काय करावं ते सुचेना. घरावर संकट आलेलं असताना माणसाने इतकं खूश असू नये, पण ती होती. तेवढ्यात बेल वाजली.

आई आली ती थेट ओट्याशी. चष्मा लावला, फटींवरून बोट फिरवलं. वर, मग खाली.

"वर पांढरं आणि खाली राखाडी," आई म्हणाली. "म्हणजे फोडणीचे डाग खाली दिसायलाच नकोत. डोकं लावलंस हो."

तो खरं सांगायला तोंड उघडणार, तोच तिने त्याच्या पायावर पाय दिला.

"मला वाटलं होतं, नुसता पसारा घालून ठेवशील," आई खुर्चीत टेकत म्हणाली. "राहा बाई इथेच. तुला जमतंय."

तिने आईला मिठी मारली. आईच्या खांद्यावरून तो दिसत होता, बादली आवरत उभा. त्याच्या चेहऱ्यावर त्याचंच घर वाचल्यासारखं हसू होतं.

ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली.

"बाथरूमच्या फटी राहिल्यात," ती म्हणाली. "रविवारी याल?"

"येईन की. या वेळी पिशव्या नीट बघून आणतो."

"नको," ती म्हणाली. "माझ्याकडेच बघा."